आरशासारखा पाटा

पैसा आला की माणसं बिघडतात, हे नगरच्या एका दैनिकात मी नोकरीभर या ना त्या शब्दांत छापत आलो. त्यामुळे पैसा आमच्याच घरात आला तेव्हा मी जाहीर केलं, की आपण अजिबात बिघडायचं नाही. पैसा कसा पेलायचा असतो, हे मी अख्ख्या जिल्ह्याला दाखवून देणार होतो!

पैसा माझा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. उपसंपादकाला पैसा मिळत नाही, सवयी मिळतात. मला मिळालेली सवय अशी, की खडबडीत काही दिसलं की हात शिवशिवतो. बातमीदार खडे-गोटे भरलेली बातमी आणून टाकायचे आणि पान छपाईला सुटायच्या आत मी ती घासून-पुसून गुळगुळीत करायचो. ही सवय निवृत्त होत नाही, हे पुढे कळेलच.

पैसा मिळवला तो यशोधराने, म्हणजे माझ्या बायकोने, आणि तोही एका पाट्यावर. लग्नानंतर माझ्या सासूबाई, आक्काबाई, लेकीला भेटायला मिरजगावहून एसटीने आल्या, त्या हा पाटा मांडीवर घेऊन. कंडक्टरने सामानाचं तिकीट मागितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मांडीवरच्या लेकराचं तिकीट न्हाई घेत तुमी, मंग ह्याचं कसं घ्याल?" भिंगारच्या आमच्या दोन खोल्यांत तो पाटा मोरीशेजारी बसला. काळा, तोंडावर देवीचे व्रण असावेत तसा खड्ड्याखड्ड्यांचा. सकाळी मला जाग यायची ती वरवंट्याच्या घरघरीने आणि लसणाच्या वासाने. गजर लावायची कधी वेळच आली नाही.

यशोधरा शेंगदाणा-लसणाची चटणी वाटायची आणि शेजारपाजारी विकायची. पुड्या बांधायला माझंच वर्तमानपत्र. माझा मजकूर खऱ्या अर्थाने घरोघर पोचला तो असा, तेल पिऊन. कॅन्टोन्मेंटमधल्या एका हवालदाराने एकदा मला रस्त्यात थांबवून विचारलं होतं, की पारनेरच्या त्या विहिरीच्या बातमीचं पुढे काय झालं. त्याच्या पुडीत अर्धीच आली होती.

मग पुड्यांच्या पिशव्या झाल्या, पिशव्यांचे खोके झाले आणि नागापूरच्या एमआयडीसीत कारखाना उभा राहिला. पाकिटावर पाट्याचं चित्र आलं. आम्ही सावेडीला बंगला बांधला. पाटाही आला, पण मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी. वर्षातून एकदा, नवी मिरची बाजारात आली की, यशोधरा तो धुऊन घ्यायची आणि स्वतः पहिली चटणी वाटायची. कारखान्यातली सगळी माणसं ती भाकरीबरोबर खायची आणि त्या वर्षीची मशीनवरची चटणी त्या चवीला जुळवायची. हा आमच्या घराचा सण होता.

यंदा मुंबईच्या एका कंपनीने कारखानाच विकत मागितला. चेतन, आमचा मुलगा, पुण्यात व्यवस्थापन शिकून आलेला, एकदम तयार. "आई, किती दिवस मिरचीत हात घालणार? विकू, पैसे नीट गुंतवू आणि तू आराम कर." मीही त्याच्याच बाजूचा. काश्मीरच्या सहलीवाल्याशी माझं बोलणंसुद्धा झालं होतं. आक्काबाई तेव्हा मिरजगावला होत्या. त्यांनी फोनवर लेकीला एवढंच विचारलं, "मंग दिवसभर करशील काय तू?"  त्या प्रश्नाने यशोधराला रात्र-रात्र झोप लागत नव्हती. शेवटी ती म्हणाली, की कंपनीच्या साहेबांना नव्या मिरचीच्या दिवशी बोलवा, पहिली चटणी त्यांच्यासमोर वाटू, मग काय ते ठरवू. आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही मात्र कशात हात घालू नका."

मी हात घालणारच नव्हतो. पण साहेब येण्याच्या आधी सहज मागच्या अंगणात गेलो, तर पाट्यावर कावळा बसलेला. पाकिटावरच्या चित्रात इतका देखणा दिसणारा पाटा प्रत्यक्षात असा? मुंबईचा माणूस काय म्हणेल? माझा हात शिवशिवला.

यशोधरा कारखान्यात गेल्यावर मी पाटा आणि वरवंटा गाडीत घातले आणि केडगावला ग्रॅनाइटवाल्याकडे नेले. त्याने दोनदा विचारलं, "नक्की पॉलिश करायचं ना, काका?" मी त्याला म्हटलं, पहिल्या पानावर टाकायचंय असं समज. त्याने जीव ओतून काम केलं. पाटा परत आला तेव्हा त्यात बघून मी भांग पाडला!

हॉलमध्ये, बाबासाहेबांच्या फोटोसमोर, मी तो एका चौरंगावर मांडला, वरून चादर घातली आणि त्या खोलीत कुणाला जाऊ दिलं नाही. पाटा धुऊन आत मांडलाय, एवढंच यशोधराला सांगितलं. तिला वाटलं, मी हार-तुरे आणून ठेवलेत.

रविवारी साहेब आले. आक्काबाईही सकाळच्या गाडीने आल्या होत्या. त्यांनी साहेबांना जयभीम घातला आणि नेहमीसारख्या सोफ्याला पाठ टेकून खाली फरशीवर बसल्या. मी चार शब्द बोललो आणि चादर ओढली.

 यशोधरा पाट्याकडे बघत होती आणि पाट्यातली यशोधरा तिच्याकडे. पण पाहुण्यांसमोर ती कधी आवाज चढवत नाही. पदर खोचून बसली, शेंगदाणे घातले, लसूण घातला, मिरची घातली आणि वरवंटा फिरवला.

वरवंटा जो सुटला तो घसरगुंडीवरचं पोर सुटावं तसा! शेंगदाणे फरशीभर पांगले. दुसऱ्यांदा तिने जोर लावला, तर लसणाची अख्खी पाकळी टुणकन उडाली आणि साहेबांच्या चहाच्या कपात पडली. तिसऱ्यांदा चेतनने चौरंग दाबून धरला. मिरची पाट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सहलीला जाऊन आली, पण वाटली म्हणून गेली नाही.

आक्काबाई उठल्या. पाट्यावरून हात फिरवला. लहानपणी माझ्या आईने तापात माझ्या कपाळावर फिरवला असेल तसा.

"कुनी मारला ह्याला?" त्या म्हणाल्या.

मी छताकडे बघू लागलो. घरातली बाकीची माणसं माझ्याकडे.

तेव्हा माझ्या मदतीला धावून आले ते साहेब. चहातली पाकळी चमच्याने बाजूला काढत ते हसून म्हणाले, "मॅडम, टेन्शन घेऊ नका. वाटण्याची गरजच नाही. चव आम्ही लॅबमध्ये ठरवतो. आम्हाला पाटा फक्त पाकिटावर पाहिजे. आणि खरं सांगू? आता त्याचा फोटो फार छान येईल."

सबंध घरात माझ्या कामाची तारीफ करणारा हा एकच माणूस, आणि त्याने ती नेमकी त्या क्षणी केली.

यशोधराने वरवंटा खाली ठेवला. पदराला हात पुसले. तिच्या चेहऱ्यावरचा कित्येक आठवड्यांचा ताण असा उतरला, की मला भिंगारच्या मोरीशेजारची मुलगी दिसली.

"दुसरा चहा टाकते, साहेब. घेऊनच जा. कारखाना मात्र द्यायचा नाही."

साहेब गेल्यावर माझी कानउघाडणी होणार म्हणून मी तयार होऊन बसलो होतो. पण तिने फक्त काश्मीरवाल्याला नाही म्हणून कळवायला सांगितलं. यंदा मिरची चांगली आली आहे, म्हणाली. चेतनने थोडी कुरकुर केली. त्याला तिने सोमवारपासून कारखान्यात यायला सांगितलं, डबा घेऊन.

पाट्याला टाकी लावणाऱ्या बाया पूर्वी गल्लीतून ओरडत जायच्या. छन्नीने ठोकून पाट्याला पुन्हा खड्डे पाडून द्यायच्या. आता कुठे शोधणार त्यांना? आक्काबाईंनी छन्नी-हातोडा माझ्याच हातात दिला. मागच्या अंगणात मी बसलो. आयुष्यभर जे खडबडीत होतं ते घासलं, आता घासलेलं खडबडीत करत होतो. समोर त्या पान लावत बसायच्या. "घाई करू नगा, जावईबापू," त्या म्हणायच्या, "तुमचा पेपर न्हाई हा." संध्याकाळी हात फिरवून बघायच्या आणि म्हणायच्या, "अजून हाताला लागत न्हाई." माझी एकही बातमी एवढ्या वेळा परत आली नव्हती.

अखेर एके सकाळी मला घरघरीने जाग आली. लसणाचा वास जिना चढून वर आला होता. डोळे न उघडता मी थोडा वेळ भिंगारलाच होतो.

खाली आलो तर यशोधराने माझं ताट वाढलं होतं. बाजरीची भाकरी, त्यावर नवी चटणी. पहिला मान माझा! डोळ्यांत पाणीच आलं. मोठा घास घेतला आणि दाताखाली कचकन खडा आला. दुसऱ्या घासालाही आला. एवढ्या प्रेमाने दिलेलं, कसं थुंकणार? दोघी मायलेकी समोर बसून बघत होत्या. मी सगळं संपवलं आणि फर्मास झालीय म्हणालो.

टाकी लावल्यावर पहिलं वाटण फेकून द्यायचं असतं, हे मला चेतनने दुपारी सांगितलं. त्याला ते आजीने सकाळीच सांगितलं होतं.