पंधरा मिनिटांचं ऊन

ही गोष्ट लोकांच्या खिशात फोन यायच्या आधीची. किती वाजले हे तेव्हा भिंतीला नाहीतर माणसाला विचारावं लागायचं. एका सोमवारी सकाळी सगळे झोपेत असताना मी स्वयंपाकघरात स्टुलावर चढले आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पंधरा मिनिटं पुढे सरकवला. बस्स, एवढंच! चोरी नाही, मारामारी नाही. पण पुढच्या दोन आठवड्यांत त्या काट्यापायी काय काय झालं ते ऐका, आणि मग माझं चुकलं की नाही ते तुम्हीच ठरवा. (चुकलंच. पण ऐका.)

त्याचं असं आहे, आमच्या गॅलरीसमोर एक झाड आहे. वर्षभर ते कोपऱ्यात उभं राहून धूळ खातं, पण वसंत आला की त्याला वेड लागतं. एकही पान नाही आणि नखशिखान्त जांभळी फुलं! त्या दिवसांत सकाळी पावणेआठला त्या फुलांतून गॅलरीत ऊन येतं, कोवळं, खुर्चीच्या पायांपासून हळूहळू मांडीवर चढणारं. ठीक आठला ते समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे जातं, ते दुसऱ्या दिवसापर्यंत. म्हणजे दिवसाची पंधरा मिनिटं. फार नाही मागत मी. एक खुर्ची, तेवढं ऊन आणि वाफ येणारा चहा. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यात मी गरम चहा किती वेळा प्यायले ते बोटांवर मोजता येईल, आणि त्यातले दोन तर इस्पितळात, टिकली झाली तेव्हा.

टिकली म्हणजे आमची लेक. वय वर्षं नऊ. सकाळी तिचा एक मोजा हमखास हरवतो. सासूबाईंना त्याच वेळी चष्मा सापडत नाही. आणि आमच्या ह्यांना (हे घड्याळजी, चौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे) रुमाल, डबा, किल्ल्या हे सगळं एकाच हाताने आणि एकाच क्षणी पाहिजे असतं. आठ वाजता हे दुकानात जाणार, सासूबाई टिकलीला व्हॅनपर्यंत सोडून तशाच बागेत फेऱ्या मारायला जाणार. मग अर्धा तास मी आणि धुणं, भांडी, झाडू. साडेआठला मीही बाहेर, कारण नऊला डॉक्टरांच्या दवाखान्यात खिडकीत बसून पेशंटना नंबर द्यायचे असतात. तर मुद्दा असा, की घर रिकामं व्हायला आणि ऊन जायला एकच गाठ पडायची. मी हात पुसत गॅलरीत यावं आणि टाकीने ऊन गिळावं!

म्हणून काटा.

सोमवारी जादू झाली. घड्याळात आठ वाजले, आरडाओरडा झाला, मोजा सापडला (फ्रिजवर), आणि दार लागलं तेव्हा खरे पावणेआठ होते. मी चहा घेऊन बसले. चहा गरम! जीभ भाजली तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं हो, आनंदाने. एक जांभळी पाकळी अलगद येऊन बशीत पडली. मी ती काढलीसुद्धा नाही. कुणी "आई" म्हणत नव्हतं, कुणी "अगं" म्हणत नव्हतं. मंगळवारीही तेच, बुधवारी सकाळीही तेच. त्या दिवशी दवाखान्यात मी एका पेशंटला नंबर देताना चक्क गुणगुणले, तर तो घाबरून म्हणाला, "बाई, माझा रिपोर्ट फारच वाईट आहे का?"

पण अकरा वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला तो माणूस काय आहे हेच मी विसरले होते. आमचे हे घड्याळजी खरे, पण दुकानातल्या एकाही घड्याळावर त्यांचा विश्वास नाही. "दुरुस्तीला आलेली ती, त्यांचं काय ऐकायचं!" विश्वास फक्त स्वयंपाकघरातल्या घड्याळावर. ते माझ्या सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी जुळवलेलं. आमचे हे रोज सकाळी मनगटावरचं घड्याळ त्याच्याशी लावतात. आणि दर बुधवारी संध्याकाळी दुकानावरच्या मोठ्या घड्याळाला किल्ली देताना ते मनगटावरच्याशी लावतात. आणि त्या मोठ्या घड्याळावर अख्खा चौक चालतो.

गुरुवारी टिकली धावत परत आली. "आई, व्हॅन येऊन उभीसुद्धा आहे! काका ओरडतायत!"

मी खिडकीतून विचारलं, "अहो, आज इतक्या लवकर?"

व्हॅनवाले म्हणाले, "लवकर कुठे ताई? चौकातलं घड्याळ बघूनच निघालो."

दवाखान्यात पोचले तर डॉक्टर दारात. त्यांनी समोरच्या मोठ्या घड्याळाकडे बोट दाखवलं. सव्वानऊ!

म्हणजे घरातून उचललेली माझी पंधरा मिनिटं दवाखान्याने परत काढून घेतली. आता मलाही पंधरा मिनिटं आधी निघावं लागणार. ऊन गॅलरीत आणि मी धुण्याच्या बादलीपाशी! रिकाम्या खुर्चीवर ते पाय पसरून बसलेलं मला दिसायचं, आणि तळपायाची आग मस्तकात जायची.

शहाण्या बाईने काटा गुपचूप मागे घेतला असता. मी पुढच्या सोमवारी तो आणखी पंधरा मिनिटं पुढे केला. (तीन दिवसांच्या गरम चहाने माणूस इतका बिघडतो.)

तो सोमवार, तो मंगळवार आणि बुधवारची सकाळ पुन्हा माझी. मग आली बुधवारची संध्याकाळ, ह्यांनी दिली किल्ली, आणि चौक अर्धा तास पुढे गेला. गुरुवारी पाववाल्याने तारवटलेल्या डोळ्यांनी दुकान उघडलं. टिकलीने येऊन सांगितलं, "शिपाईकाका म्हणतात, तुम्ही शाळा झाडायला येता का?" सासूबाई तर सोमवारपासूनच जेवायला बसल्या की म्हणायच्या, "जेवायची वेळ झाली, पण भूकच नाही बाई. हवा बदलली ना." आणि सकाळी रेडिओवर बाई म्हणाली, "आता सात वाजलेत," की आमचे हे मनगट बघून हसायचे. "साडेसात झाले! सरकारी रेडिओ, मागेच पडणार."

मी कांदा चिरत असल्याचं सोंग करून डोळे पुसायची.

त्याच गुरुवारी संध्याकाळी हे घरी आले ते तरंगतच. "अगं, घड्याळकंपनीचा माणूस येतोय उद्या दहा वाजता! दुकान तपासणार, आणि पसंत पडलं तर कंपनीचा बोर्ड आपल्याला! बाबांची फार इच्छा होती. आपल्या घड्याळावर चौक चालतो, एवढंच त्याला दाखवायचंय मला."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ह्या माणसाने आयुष्यात कुणाला चुकीची वेळ सांगितली नव्हती, आणि उद्या परक्या माणसासमोर त्याचं स्वतःचं घड्याळ अर्धा तास पुढे निघणार होतं. माझ्या चहापायी! तिथल्या तिथे सगळं सांगायला हवं होतं, पण धीर झाला नाही. (तुम्हाला झाला असता? मग!) म्हटलं, पहाटे काटा मागे घेऊ, हे सवयीप्रमाणे मनगटावरचं त्याच्याशी लावतील, मग मोठंही लावतील, आणि सगळं कसं गुपचूप मिटेल.

शुक्रवारी सगळ्यांच्या आधी उठून मी काटा अर्धा तास मागे घेतला. हे आले. भिंतीकडे पाहिलं. मनगटाकडे पाहिलं. पुन्हा भिंतीकडे.

"अगं! हे मागे पडलं!"

"मनगटावरचं पुढे गेलं असेल," मी म्हटलं.

"मग चौकातलंही पुढे गेलं? डॉक्टरांचंही? व्हॅनवाल्याचंही? सगळं जग चुकलं आणि हे एकटं बरोबर?" त्यांनी घड्याळ भिंतीवरून उतरवलंसुद्धा. "स्प्रिंग गेली असणार. नेमकी आजच!"

"अहो, राहू द्या ना! संध्याकाळी बघा."

"कंपनीचा माणूस येणार आणि माझ्या घरचं घड्याळ मागे? खोलतोच."

आणि माझ्या डोळ्यांदेखत सासऱ्यांचं घड्याळ जेवायच्या टेबलावर सुटं झालं. एक स्क्रू, दोन स्क्रू, सात स्क्रू. एक चाक गडगडत गॅसच्या शेगडीखाली गेलं. हे गुडघ्यांवर बसून ते शोधत होते, बिचारे, आणि पुटपुटत होते, "बाबा काय म्हणाले असते!"

मग मात्र मला राहवेना. मी म्हटलं, "अहो, त्याला काही झालेलं नाही. मीच केलं."

ह्यांनी शेगडीखालून डोकं बाहेर काढलं. "काय केलंस?"

"पुढे केलं होतं. आधी पंधरा मिनिटं. मग आणखी पंधरा."

"कधी?"

"सोमवारी. म्हणजे दोन सोमवारी."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे माझं मनगटावरचं..."

"पुढे."

"चौकातलं?"

"पुढे."

"डॉक्टर?"

"पुढे."

"आणि रेडिओ?"

"रेडिओ बरोबर होता हो," मी रडकुंडीला येऊन म्हटलं.

इतक्यात सासूबाई दारातून म्हणाल्या, "अर्धा तास कशाला गं केलास? मी पाचच मिनिटं करायची, ह्याला शाळेत धाडताना. पाच कुणाला कळत नाहीत."

"आई, तूसुद्धा?" असं म्हणून आमचे हे मटकन खुर्चीत बसले.

मग रेडिओ लावला. बाई म्हणाली, "आता सात वाजलेत," आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा आमच्या ह्यांनी मान खाली घालून तिचं ऐकलं. मनगटावरचा काटा मागे घेतला आणि तसेच पारोसे, उलटसुलट बटणांचा शर्ट घालून चौकात धावले. मागून मी, शिडी धरायला.

चौकात ही गर्दी! पाववाला, व्हॅनवाले, फिरायला निघालेले डॉक्टर. आमचे हे शिडीवर चढून मोठ्या घड्याळाला हात घालतात तोच समोरच्या लॉजच्या गॅलरीतून, बनियनवर, तोंडात ब्रश घेतलेला एक गृहस्थ ओरडला, "अहो, ते अर्धा तास पुढे आहे! काल संध्याकाळपासून बघतोय मी!"

"माहीत आहे!" हे शिडीवरून ओरडले. "बायकोने केलंय!"

सगळा चौक माझ्याकडे वळला. आता धरणी दुभंगेल तर बरं असं मला झालं. डॉक्टर हळूच म्हणाले, "बाई, म्हणजे मी आठवडाभर वेळेआधीच येऊन बसतोय?" पाववाला दुकानाचं शटर ओढून सरळ झोपायला गेला.

दहा वाजता कंपनीचा माणूस आला (मी आणि डॉक्टर दवाखाना सोडून दुकानात हजर), आणि पाहते तर काय, तोच ब्रशवाला! तो म्हणाला, "खरं सांगू? रात्रीच नापसंतीचं पत्र लिहून ठेवलं होतं. पण चूक कळल्याबरोबर दात न घासता शिडीवर चढणारा घड्याळजी मी पहिल्यांदाच पाहिला. आणि दुसरं म्हणजे, आमच्या कंपनीला एवढ्या जाहिराती करून जमलं नाही ते तुम्ही करून दाखवलंत. तुमच्या घड्याळाने अख्खा चौक झोपेतून उठवला!" त्याने पत्र टरकावलं आणि दुसरा कागद काढून सही केली. ह्यांनीही सही केली, आणि मला इतका आनंद झाला की मी डॉक्टरांच्याच रुमालाला डोळे पुसले.

संध्याकाळी घड्याळ परत जुळवताना हे म्हणाले, "पण का केलंस गं? एवढं काय होतं?"

मी सांगितलं. झाड, ऊन, खुर्ची, चहा. ऐकून ते बराच वेळ एक स्क्रू घट्ट करत राहिले. तो घट्ट झालेलाच होता. मग म्हणाले, "मला सांगायचंस ना वेडे. सोमवारपासून पावणेआठ ते आठ तू काही करायचं नाही. डबा मी भरीन, मोजा मी शोधीन. तू फक्त बसायचंस."

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! शनिवार-रविवार मी तरंगतच होते.

सोमवारी पावणेआठला मी खुर्चीत. हातात वाफाळता चहा. ऊन मांडीवर चढायला लागलं. मी पहिला घोट घेणार, तेवढ्यात हे डोकावले. "हेच का ते ऊन? बघू." आणि स्टूल घेऊन बसले. मागोमाग सासूबाई आल्या. "अगंबाई, किती छान! सरक जरा." मी सरकले. टिकली एका पायात मोजा घालून आली आणि थेट माझ्या मांडीवर, म्हणजे जिथे ऊन होतं तिथे. सगळे फुलांकडे बघत बसले. खरंच, फार सुंदर वाटत होतं.

मग सासूबाईंनी माझ्या हातातला कप घेतला. "वा, गरम आहे हो!" आणि पिऊन टाकला.

हे म्हणाले, "अगं, अशा वेळी सगळ्यांनाच चहा पाहिजे, नाही का?"

मी आत गेले. आधण ठेवलं, दूध तापवलं, चार कप भरले. ट्रे घेऊन गॅलरीत आले तर टाकीची सावली खुर्चीवर येऊन बसलेली.

ह्यांनी मनगटाकडे पाहिलं, मग सावलीकडे, आणि त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला.

"बरोब्बर आठ!" ते म्हणाले. "बघ, घड्याळ कसं सेकंदाला चालतंय!"