तीन बायका आणि एक पाळणा

नाटक लिहिणं ही काही फार मोठी गोष्ट नाही, हे मी छातीठोकपणे सांगते! एका हातात पाळण्याची दोरी, दुसऱ्यात टाक. दर पाच ओळींनी वाकून चार महिन्यांच्या छकुलीचा श्वास चालतोय ना ते बघायचं, की पुढचा संवाद. दीड महिन्यात तीन अंक! बी. ए. झाल्याचं पहिल्यांदाच सार्थक वाटलं.

नाटकात तीन बायका: बाळंतीण, सासू आणि सुईण. मधे पाळणा. पुरुष एकच, आणि तो फक्त आतून 'चहा झाला का?' विचारतो.

कल्याणच्या एका नाट्यमंडळानं नवी नाटकं घडवायला स्पर्धा ठेवली होती. पहिलं येईल ते मंडळ रंगभूमीवर आणणार. टोपणनावानं पाठवलं, आणि आलं की पहिलं!

मंडळाचे चिटणीस पोपटराव हार घेऊन डोंबिवलीला आमच्या घरी हजर. आल्या आल्या हार घातला तो ह्यांच्या गळ्यात!

"अहो, मी नव्हे, ही!" हे ओरडले.

हार निघाला. पण परस्त्रीच्या गळ्यात घालायचा कसा? तो पोपटरावांबरोबर कल्याणला परत गेला.

जाता जाता पोपटराव म्हणाले, "वहिनी, किरकोळ दुरुस्त्या आहेत. मंडळ नाटक घडवतं ना!"

"खुशाल करा. माझी अट एकच. हँडबिलावर माझं नाव हवं, ठळक अक्षरांत." लग्नानंतर माझं नाव रेशनकार्डापलीकडे कुठं गेलं नव्हतं हो!

"शब्द दिला!"

पहिल्या बैठकीला छकुलीला मांडीवर घेऊन गेले. अध्यक्ष गोपीनाथशेठ. मांडव पडायचा तो त्यांच्याच शेतात.

"सुईण कशाला? जमाना बदलला," शेठ म्हणाले. "डाक्टर घाला. आमचे जावई करतील."

सुईण गेली.

"सासूऐवजी सासरे केले तर?" पोपटराव लाजून म्हणाले. "मी पाठही करत आणलंय."

सासू गेली! छकुलीनं भोकाड पसरलं. मंडळात तेवढी एकच विरोधी सूचना झाली.

"निदान बाळंतीण तरी ठेवा!"

"करणार कोण?" पोपटराव म्हणाले. "आपल्या घरच्या मुली उभ्या राहायच्या नाहीत. बायकांची कामं तानाजी करायचा, पण त्याचं लग्न ठरलंय. मुलीकडच्यांनी मिशी बघून होकार दिलाय. काढणार कशी?"

"मग बाळंतीण माहेरी गेली म्हणू," शेठ.

"तान्ह्याला टाकून?" मी किंचाळले.

"बरं, आजारी. आतून खोकेल. तानाजी खोकेल. खोकायला मिशी आड येत नाही!"

मी मान डोलावली. ठळक अक्षरं डोळ्यांपुढं नाचत होती ना!

मग तालमीला पाळणा हवा झाला. मी आमचाच दिला. दहा दिवस छकुली झोपली नाही, म्हणून मी नाही, म्हणून घरात कुणीच नाही. तिकडे तानाजी इतका मन लावून खोकला, की लग्न ठरलेल्या मुलीचे वडील चौकशीला आले म्हणे!

अखेर हँडबिल आलं. लेखन: कार्यकारी मंडळ.

मी तशीच छकुलीला उचलून कल्याण गाठलं. "पोपटराव, शब्द दिला होतात!"

"पाळला की! खाली बघा."

अगदी तळाशी, अध्यक्षांच्या नावाहूनही ठळक: 'पाळणा: सौ. सुमेधा कर्णिक यांजकडून.'

"तुमच्या नाटकातलं तेवढंच उरलं होतं, वहिनी," पोपटराव शांतपणे म्हणाले. "नाव त्याच्यापुढं घातलं. उगाच अन्याय नको."

रडकुंडीला येऊन घरी आले. म्हटलं, सासूबाई तरी बाईच्या जातीच्या, दोन शब्द बोलतील. त्यांनी चष्मा लावला. हँडबिल दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"हे गं काय सुमेधा? पाळणा माझ्या माहेरचा, आणि नाव तुझं?"