धाररावांच्या नावाखालील शब्दाची हकीकत

श्री. ज्याने सकळांस जन्म दिला आणि कोणाचेही कागद तपासिले नाहीत, त्या परमेश्वरास नमन करून लिहिले ऐसे जे: शके सोळाशे नव्याण्णव, हेमलंबी नाम संवत्सरी, चैत्रमासी एका राज्यात दवंडी फिरली की आजपासून कलंक हद्दपार जाहला. लोकांनी विचारले, कलंक तो कोणता? दवंडीवाल्यास सांगता येईना, कारण तो शब्द उच्चारण्यास त्याच दवंडीने मनाई होती.

शब्द 'लेकावळा'. लग्नावाचून झालेल्या पुत्राच्या नावाखाली वंशावळीत तो लिहीत, आणि धाररावांच्या नावाखाली तो होता. धारराव राजेसाहेबांचे सावत्र बंधू; मातोश्री गोदूबाई महालात चाकरीस होत्या. धाररावांनी नदीकाठचा किल्ला सात महिने लढविला, आणि तरी दर दसऱ्यास भर दरबारी वंशावळ वाचीत तेव्हा त्यांचे नाव येताच भाऊबंद छताकडे पाहत. औंदा लेकीचे होणारे सासरे समोर बसावयाचे, म्हणून धाररावांस अन्न गोड लागेना. म्हणून राजेसाहेबांनी ती दवंडी पिटविली आणि दफ्तरदार निळोपंतांस आज्ञा केली की त्याजागी बरासा शब्द काढा. पंतांनी 'प्रीतिपुत्र' काढिला, आणि आठ दिवसांत पाणी वाहणारा पखालजी रेड्यास हाकू लागला, "चल रे प्रीतिपुत्रा." मग 'उपचिरंजीव' काढिला, आणि बायका विहिरीवर त्यावरून भांडल्या. मग 'विशेष राजेश्री' काढिला, तेव्हा साधे राजेश्री रुसले.

शेवटी धारराव स्वतः दफ्तरात येऊन बसले आणि म्हणाले, "पंत, दूध नासले तर भांडी किती बदलाल?"

"मग काय लिहू, राव?"

"आईचे नाव लिहा. मी तिच्या पोटचा, एवढे तरी खरे ना?"

"बायकांची नावे घालण्याची चाल नाही."

"माझ्याच आईचे नाही, की कोणाच्याच आईचे?"

पंतांनी अकरा पिढ्यांचा कागद उलगडिला आणि पाहता पाहता घाम पुसला, कारण त्यात एकही बाई नव्हती. वार्ता पडद्याआड गेली, आणि राजेसाहेबांच्या मातोश्री थोरल्या मासाहेब, ज्या गोदूबाईंशी जन्मात शब्द बोलल्या नव्हत्या, त्या वदल्या, "म्हणजे हे सगळे आपले आपणच आले की काय? पंत, गोदूचे नाव घाला आणि शेजारी माझे घाला. तिने मला पुष्कळ जाळले, पण कागदावरून मला उडविले ते तिने नव्हे."

मग पंतांनी सगळ्यांच्याच आयांची नावे घातली, आणि दसऱ्यास वाचन जाहले, आणि "धारराव, आई गोदूबाई" ऐसा पुकारा होताच छताकडे कोणी पाहिले नाही, कारण जो तो आपल्या आईचे नाव कधी येते म्हणून कान टवकारून बसला होता, आणि सोयऱ्यांनी तेथेच सुपारी फोडिली, आणि तोफा जाहल्या, आणि धाररावांनी डोळे पुसून धुरास बोल लाविला.

येणेप्रमाणे शब्द गेला, आया आल्या, राज्यास यश आले. त्यावर निळोपंतांनी हात जोडून अर्ज केला की राजेसाहेबांनी स्वतःचे आणखी एखादे लग्न काढण्याअगोदर दफ्तरास कळवावे; आया लिहिता लिहिता कागद चार बोटेच उरला आहे.