खुर्चीला हात आहेत का?

आमच्या शेजारच्या देशमाने नानांना चहा दिला की ते आधी पीत नाहीत, मोजतात. खिशातून नळीसारखं एक यंत्र काढतात, त्याच्या काचेवर चहाचा थेंब टाकतात, एक डोळा मिटून उजेडाकडे बघतात आणि निकाल देतात, "अकरा. वहिनी, आज साखरंला हात आखडला." माझी बायको म्हणते, पुढच्या वेळी कप देतच नाही, यंत्रातच ओतते.

नाना कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते. उसाचा गोडवा मोजण्यात जन्म गेला. घरातल्या कुठल्याही मागणीला एकच उत्तर: "हंगाम संपू द्या." पोरीचं लग्नसुद्धा भर जूनमध्ये लावलं, अर्धं वऱ्हाड चिखलात. त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, लग्न झाल्यापासून नाशिककडचे द्राक्षमळे बघायचे होते. पण द्राक्षं पिकतात नेमकी ऊस गाळायच्या दिवसांत. झालं, बोंबला!

नाना रिटायर झाले आणि काकूंचे गुडघे गेले. एका लग्नात त्यांना खुर्चीवरून उठताच येईना. चौघींनी धरून उठवलं, मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं. त्या दिवसापासून बाईनं उंबरा ओलांडला नाही. दीड वर्ष झालं. सांगून सांगून आम्ही थकलो.

अशात जानेवारीत नानांनी जाहीर केलं, "वाईनच्या बागंत जायचं. दोन दिवस. गाडी तुमची." मला विचारलं नाही हो, सांगितलं!

आळीत कुजबुज सुरू झाली, गळ्यात तुळशीची माळ आणि निघाले दारूच्या गावाला. नाना म्हणाले, "कारखान्यात सारा जन्म मळीशेजारी काढला. मळीची दारूच होती, ते मला सांगता व्हय? थेंब चाखला न्हाई. आता द्राक्षाशेजारी बसंन."

मग फोन सुरू झाले. तेही माझ्या मोबाईलवरून.

"रूमचं ऱ्हाऊ द्या. खुर्चीला हात हायेत का?"

"सर, आमच्याकडचा व्ह्यू फार छान आहे."

"व्ह्यूला धरून उठता येतं का?"

पंधरा ठिकाणी हाच प्रश्न. माझं डोकं उठलं. एका मंगळवारी तर नाना सकाळीच गायब झाले, संध्याकाळी धुळीनं माखलेले बूट घेऊन आले. कुठं गेल्ता म्हटलं, तर "कामाला."

काकू शेवटी एका अटीवर तयार झाल्या: गाडीतून उतरणार नाही. काचेतून काय दिसेल ते बघीन. "पुन्हा माझा तमाशा नको," म्हणाल्या.

बागेत पोचलो. काकू खरंच उतरेनात. मला वाटलं, एवढं पेट्रोल जाळून आता काचेतूनच परतायचं. तेवढ्यात तिथला एक माळी लाकडी खुर्ची उचलून आला. चांगली उंच, दोन्ही बाजूंना दणकट हात.

"आले का आजोबा! या आजी, ही तुमची खुर्ची."

"माझी?"

"मंगळवारी आजोबा एसटीनं आल्ते न्हवं? आमच्या बागंतल्या हाटेलातल्या समद्या खुर्च्यांवर बसून-उठून पाह्यलं. ही एकच पसंत पडली. म्हन्ले, कडंला ठिवा, येनाऱ्या-जानाऱ्याला दिसाया नको."

काकूंनी नानांकडे पाहिलं. नाना द्राक्षाची पानं निरखत होते, जणू त्यांचा काही संबंधच नाही. काकू उतरल्या. बसल्या. चांगला अर्धा तास घडांकडे बघत बसल्या, पोरीसारख्या.

मग त्यांनी खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले. मी मदतीला पुढं सरकलो, तर नानांनी माझा दंड धरून मला गर्रकन वळवलं. माळ्यालाही वळवलं. स्वतः वळले.

"तिकडं बघा," दबक्या आवाजात म्हणाले. "कुनी मागं बघायचं न्हाई."

तीन बाप्ये कुंपणाकडे तोंड करून उभे. बघायला तिथं काहीच नव्हतं. नानांची पकड माझ्या दंडात रुतत चालली होती. मागं खुर्ची करकरली, मग सगळं शांत.

"अहो," मागून काकूंचा आवाज आला. वरून आला, उभ्या माणसाचा. "वळा की आता. पुढची रांग बघायचीय मला."

नानांनी माझा दंड सोडला.