सर्वांच्या हरकती विचारात घेऊन

सुरय्या सोलकरने कर्ज फेडायचं ठरवलं, आणि तिथूनच तिचे हाल सुरू झाले.

गणपतीपुळ्याच्या वाटेवर तिच्या पर्यटकांसाठीच्या पाच खोल्या होत्या. रस्ता रुंदीकरणासाठी खणला गेला, खणलेलाच राहिला, आणि पाहुण्यांनी गुहागर गाठलं. आता कुठे डांबर पडलं होतं. तिघांची देणी हप्त्यांनी फेडण्याचा रीतसर करार करावा म्हणून तिने रत्नागिरीत पतसंस्थेच्या सभागृहात तिघांना एकत्र बसवलं: संस्थेचा वसुली अधिकारी ऋत्विक, पलंग उधारीवर देणारे केरूशेठ आणि नवऱ्याचे चुलते अलीचाचा.

पहिली हरकत चाचांची. "अगो, मला व्याज नको. पण करारात माझं नाव शेवटी? घरातला माणूस मी!"

सुरय्याने नाव वर घेतलं. नातेवाईक पहिला असणं संशयास्पद आहे, अशी हरकत ऋत्विकने नोंदवली. मग तिन्ही नावं एका ओळीत लिहिली, तेव्हा केरूशेठ म्हणाले, मधलं नाव कुणाच्या डोळ्यांत भरत नाय.

"शेठ, पैसे सगळ्यांना सारख्याच प्रमाणात मिळणार."

"मिळतील तेव्हा मिळतील. तोवर पलंग माझ्या गोदामात राहू देत. वापरून झिजतात."

"आणि पाहुणे झोपणार कुठे?"

"तो तुझा धंदा, बाय. मी त्यात तोंड घालत नाय."

पलंग गेल्यास तारणाची किंमत घटते, सबब पहिला हप्ता जमा होईपर्यंत खोल्यांना कुलूप असावं, अशी ऋत्विकची पुढची हरकत. हप्ता भाड्यातून यायचा होता.

"कुलूपबंद खोलीचं भाडं कोण देईल, साहेब?"

"मॅडम, उत्पन्न हा आजच्या सभेचा विषय नाही."

सुरय्याचा आवाज चढला. "मग दागिने मोडते. सगळं एकदम घ्या आणि मला मोकळी करा."

चाचांनी टोपी काढून पुन्हा घातली. ऋत्विक मनापासून दुखावला.

"मुदतीआधी फेडलंत तर पुढचं व्याज बुडतं, मॅडम."

"म्हणजे मी फेडू नये?"

"असं कसं? फेडत राहावं. फेडून टाकू नये."

अखेर सर्वांचं समाधान झालं. पहिल्या हप्त्यासाठी संस्थेने तिला नवं कर्ज दिलं. चाचा जामीन राहिले आणि त्याबद्दल दागिने त्यांनी सांभाळायला नेले. केरूशेठनी पलंग तिलाच भाड्याने दिले. सही करताना सुरय्याच्या लक्षात आलं, की सकाळपेक्षा आपलं देणं वाढलंय. तिने तसं बोलून दाखवलं.

"पण आता ते करारात आहे ना," ऋत्विक आपुलकीने म्हणाला.

संस्थेच्या वार्षिक सभेत 'आदर्श कर्जदार' म्हणून तिला शाल देण्यात आली. ती ध्वनिक्षेपकाशी गेली. "एवढंच विचारायचं होतं, हे संपणार कधी?"

प्रश्न फक्त ठेवीदारच विचारू शकतात, असं अध्यक्षांनी नम्रपणे सांगितलं. मग एका ठेवीदाराने विचारलं, यंदा ठेवीवर आणखी पाव टक्का मिळेल का?

"सुरय्याताईंसारखे कर्जदार लाभले तर का नाही?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आपण ठेवीदारांच्या पुढच्याच रांगेत होतो, आठवतं? तुमच्या टाळ्या जरा जास्तच जोरात होत्या.