चाळीस सेकंदांचा खोळंबा

सोमवारी सकाळी झिपारताई ऑफिसात आल्या, कोटही न काढता थेट एसेनच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एसेन, तुझा तंबू अडकतो."

एसेनला हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही. बिश्केकमध्ये एका टायरच्या दुकानावर दोन खोल्यांत ही कंपनी. माणसंही दोनच, एक मालकीण झिपारताई आणि दुसरा सगळा प्रोग्राम लिहिणारा एसेन. त्यांचा खेळही एकच, ऑनलाइन कोक-बोरू. घोड्यावर बसायचं, बोकडाचं धड उचलायचं आणि बाकीच्यांना हुलकावण्या देत समोरच्या हौदात नेऊन टाकायचं. सामन्याला तीस माणसं लागतात. तीस जमेपर्यंत खेळाडूंनी लोकरीच्या नमद्याच्या गोल तंबूत बसायचं, अशी सोय एसेनने केली होती.

घोळ होता तो या तंबूत. आपल्या बिश्केककडे घरात पाहुणा आला की बसलेली माणसं उठतात, दोन्ही हातांनी सलाम होतो, आणि मग वयाच्या मानाने सगळे पुन्हा बसतात. सगळ्यात मोठा दारासमोरच्या मानाच्या जागी, सगळ्यात धाकटा दारापाशी. एसेनने हे सगळं इमानेइतबारे प्रोग्रामात उतरवलं होतं. एक जण आत आला की बसलेले सगळेच्या सगळे उठायचे, प्रत्येक जण प्रत्येकाला सलाम करायचा आणि जागा बदलायचा. यातला एकेक हात, एकेक टोपी, एकेक बूट काढायला कॉम्प्युटर ग्राफिक्स कार्डाला वेगळा हुकूम सोडायचा. हुकमांची एवढी गर्दी व्हायची, की चित्र चाळीस सेकंद जागच्या जागी थिजायचं.

थिजायची नाहीत ती फक्त पडद्याच्या खालच्या बाजूला लिहिलेली वाक्यं. ती वेगळ्या वाटेने जायची. आता चाळीस सेकंद माणसाने करायचं काय? माणसं बोलायची. नारीन गावचे तोकोबाय आजोबा विचारायचे, "अडकलं का?" मॉस्कोत जॅकेटं शिवणारी गुलायिम म्हणायची, "अडकलं." "मग सांग, आज किती शिवलीस?" आजोबांनी हयातभर घाटातला बर्फ उपसायची गाडी चालवली होती, दोन्ही मुलं आता कोरियात होती. तेवढ्यात आणखी कोणी आत यायचं, पुन्हा अडकायचं, आणि अर्धवट राहिलेली गोष्ट पुढे सरकायची.

एसेन दारापाशी बसून हे सगळं ऐकायचा आणि मधून मधून बोलायचाही. खेळ त्याने लिहिलाय हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. मित्र नव्हते असं नाही, पण मित्रांना बायका होत्या आणि बायकांना दर रविवारी बारशाला जायचं असायचं. कुलूप उघडून हा घरात शिरला तर उठून उभं राहायला कोणी नव्हतं. तंबूत मात्र तीस माणसं उठायची. ती आपल्याच हुकमाने उठतात हे त्याला कळत होतं, तरी बरं वाटायचं. सरळच सांगतो, पोरगा एकटा पडला होता, आणि तो तंबू सोडला तर त्याला दुसरं घर नव्हतं.

झिपारताईंचं म्हणणं थोडक्यात असं होतं: महिन्याभराने एका शनिवारी दुपारी मोठी स्पर्धा घ्यायची आहे. घोडीचं दूध बाटलीत भरून विकणारे एक शेठ प्रायोजक म्हणून मिळालेत. दोनशे माणसं येतील. तंबू अडकला तर शेठ जातील, आणि शेठ गेले तर खेळ बंद करावा लागेल.

"मग उठणंच काढून टाक," त्या म्हणाल्या. लगेच कोट काढता काढता म्हणाल्या, "नको. माझ्या आईच्या कानावर गेलं तर ती मला घरात घ्यायची नाही."

एसेनने मधला मार्ग काढला. फक्त चाळिशीच्या आतल्यांनीच उठायचं. मोठ्यांनी बसून सलाम घ्यावा, त्यात काही वावगं नाही. बुधवारी त्याने हा बदल केला आणि तंबूत जाऊन बसला. एक माणूस आला, एसेन उठला. दुसरा आला, एसेनच उठला. तिसाव्या माणसापर्यंत एसेन एकटाच उठत-बसत होता. मग त्याने नोंदवही उघडली. मानाची जागा मिळावी म्हणून कॉलेजातल्या पोरांनीसुद्धा आपलं वय नव्वदच्या वर लिहिलं होतं. घोड्यावरून बोकड पळवणाऱ्या या मंडळींचं सरासरी वय ब्याऐंशी निघालं, आणि चाळिशीच्या आतला आख्ख्या खेळात एकटा एसेन. तोकोबाय आजोबांनी तेवढ्यात लिहिलं, की मी आत आलो आणि लोक ढिम्म बसून राहिले, हे कोणत्या घरचं वळण? बदल त्याच दिवशी मागे घेतला.

आता एकच उपाय उरला: रीत तशीच ठेवायची आणि इंजिन बदलायचं. ज्याच्यावर सगळा खेळ उभा असतो ते इंजिनच नवं घ्यायचं आणि ग्राफिक्स कार्डाशी बोलायची पद्धतही नवी. जुनी पद्धत ओपनजीएलची. पंगतीला एकच वाढपी असावा आणि त्याने दर पोळीला स्वयंपाकघरात जाऊन "आता कोणाला?" असं विचारावं, तसा तिचा कारभार होता. नव्या पद्धतीत, म्हणजे व्हल्कनमध्ये, चार वाढपी आधीच यादी करून भरलेल्या पराती घेऊन निघतात. एसेनने तीन आठवडे मान खाली घालून काम केलं.

पहिल्या दिवशी नव्या इंजिनात तंबू आडवा पडला. जुन्या इंजिनात जी दिशा 'वर' होती ती नव्यात 'बाजूला' होती. तीस म्हातारे भिंतीवर बसलेले, घोडे आभाळात चढताहेत, असा देखावा. एसेनने ताईंना बोलावून दाखवलं. त्या मान तिरकी करून बघत म्हणाल्या, "अडकत तर नाही ना? मग झालं."

ते सरळ केलं, तर तोकोबाय आजोबांचा पडदा काळाठिक्कर. त्यांचं ग्राफिक्स कार्ड इतकं जुनं की नवी भाषा त्याला समजेना. "तिकडे रात्र झाली का रे?" एवढंच त्यांनी विचारलं. एसेनने चार दिवस बसून जुन्या कार्डांसाठी वेगळी वाट काढली. एका म्हाताऱ्यासाठी चार दिवस कसले घालवतोस, असं ताई म्हणाल्याच. असे पुष्कळ असतील, असं एसेनने सांगितलं. मोजल्यावर तेवढे एकच निघाले.

स्पर्धा मात्र झकास झाली. दोनशे बारा माणसं आली, एकदाही अडकलं नाही. माणूस आत आला की सगळे टाचणी टोचल्यासारखे उठायचे आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत जागा बदलून बसायचे. शेठ खूश झाले, झिपारताईंनी केक आणला. एसेनलाही आनंद झाला. सगळं आटोपल्यावर गप्पा मारायला तो तंबूत थांबला, पण तिथे कोणी नव्हतं.

पुढच्या आठवड्यातही तेच. लोक यायचे, बसायचे, खेळायचे, जायचे. आजोबांनी "सलाम" लिहिलं की गुलायिमचं उत्तर येण्याआधी सामना सुरू झालेला असायचा. खालच्या बाजूची ओळींची जागा कोरी दिसायला लागली. मग माणसं कमी होत गेली. आणि तक्रारी यायला लागल्या. खेळ फार हळू झालाय, असं लोक लिहीत होते.

"मोज," झिपारताई म्हणाल्या. त्याने मोजलं. आत येऊन बसेपर्यंत पाऊण सेकंद. "परत मोज." परत पाऊण सेकंद. सगळ्यात लांब तक्रार तोकोबाय आजोबांची होती. पूर्वी बसलं की तास कसा गेला कळायचं नाही, आता पाच मिनिटं सरता सरत नाहीत, तुम्ही काहीतरी बिघडवलंय, ते आधी दुरुस्त करा, असं त्यांनी कंपनीला खडसावलं होतं. एसेनने ते तीनदा वाचलं. जे वाचवायला तो महिनाभर राबला, तेच त्याने स्वतःच्या हाताने मोडलं होतं.

पूर्वीसारखं थोडं थांबायला लावू या का, असं त्याने ताईंना चाचरत विचारलं. "मुद्दाम अडकवायचं?" ताईंनी चष्मा वर केला. "त्यासाठी पगार देते मी तुला?"

शेवटी एसेनने आपल्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर जुना खेळ, जुन्या इंजिनासकट, पुन्हा चालू केला. दोघांनाच निरोप धाडला: जुना तंबू सापडलाय, रविवारी दुपारी बारा वाजता या. आजोबा लगेच हो म्हणाले. गुलायिमने खात्री करून घेतली, "नक्की अडकतो ना?" त्याने कळवलं, "हमखास."

रविवारी त्याने मांती, म्हणजे खिम्याचे मोदक, उकडून ताटात घेतल्या, ताट कॉम्प्युटरपाशी ठेवलं आणि बारा वाजता तंबूत जाऊन बसला. गुलायिम आली. एसेनचा माणूस उठला, सलाम केला, बसला. आजोबा आले. दोघं उठली, सलाम झाले, आजोबा मानाच्या जागी गेले. झालं. अडकायचं नावच नाही. तीस माणसांत चारशे पस्तीस सलाम होतात आणि तिघांत फक्त तीन, हा साधा हिशेब ज्याने प्रोग्राम लिहिला त्याच्याच डोक्यात आला नव्हता. तीन सलामांना जुनं इंजिनसुद्धा कशाला दमतंय?

तंबूच्या मधोमध काढलेली चूलसुद्धा न थिजता जळत होती. तीस माणसं नसल्यामुळे सामनाही सुरू होणार नव्हता. वाट बघायला काहीच नव्हतं, आणि वाट बघायची नसली की काय बोलायचं हे तिघांनाही सुचेना.

"अडकलं का?" आजोबांनी विचारलं.

'अडकलं' असं लिहिणं किती सोपं होतं. एसेनने लिहिलं, "नाही आजोबा. चालू आहे."

"मग सगळे गप्प का?"

एसेनने ताटाकडे पाहिलं. मग त्याने जे कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते एका दमात लिहिलं. "आजोबा, हा खेळ मीच लिहिलाय, आणि मीच बिघडवला. मी इथे जेवायला बसलोय. आई गेल्यापासून एकटाच जेवतो. अडकायचं निमित्त होतं, मला तुम्ही दोघं हवे होतात."

लिहून पाठवलं. परत घेता येईल का म्हणून त्याने बघितलं. तशी सोय त्याने खेळात ठेवलीच नव्हती.

"थांबा, मी चहा टाकून येते," गुलायिमने लिहिलं. "अजून काही पोटात गेलं नाही माझ्या."

आजोबांचं काहीच येईना. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. मानाच्या जागेवर त्यांचा माणूस मांडी घालून हलेना की डुलेना. एसेनला वाटलं, दुखावले, उठून गेले. मांती गार होत चालल्या होत्या, पण त्याला घास उचलवेना.

तिसरं मिनिट संपत आलं तेव्हा ओळ उमटली.

"ताट आणायला गेलो होतो. गुडघ्यामुळे वेळ लागतो मला. हं, कर सुरुवात."