कोंबडी, दाणे आणि अपुरा नमुना

"मावशी, आज परीक्षकांनी एक चूक काढून दाखवावी, मी मिशी उतरवीन!"

मिशी त्याला नव्हतीच, त्यामुळे पैज सुरक्षित होती.

मिरचीच्या तिखटपणावर प्रबंध लिहून लिहून त्याचं नावच 'मिरच्या' पडलं होतं. आज तोंडी परीक्षा. पास झाला तर त्याच्या मार्गदर्शक बाईंच्या प्रयोगशाळेत नोकरी, नाही तर काकांची पिठाची गिरणी. काकांनी त्याच्या मापाचा एप्रनही शिवून ठेवला होता!

"तुझं काय व्हायचं ते होवो," मावशी म्हणाली, "माझी कोंबडी धड परत आण."

कोंबडी ही प्रयोगाची नायिका. माणूस, उंदीर, गाय, ज्यांची ज्यांची पिल्लं आईच्या दुधावर वाढतात त्या सगळ्यांच्या तोंडात तिखटाची एक घंटा असते. पक्ष्यांनाही आहे, पण उत्क्रांतीत तिच्या प्रथिनाच्या मोजक्या कड्या अशा बदलल्या, की मिरचीने कितीही बटण दाबलं तरी ती ढिम्म! आणि मिरचीचं डोकं बघा. उंदीर बी चावून पीठ करतो, त्याला चटका. पक्षी बी सबंध गिळून लांब नेऊन टाकतो, त्याला मोकळं रान. पाय नसलेल्या झाडाने विमानाची सोय केली!

"आपल्या नात्यात एवढं धोरणी कोणी नाही," मिरच्या कौतुकाने म्हणायचा.

"ते दिसतंच आहे," मावशी म्हणायची.

त्याने शेंगदाण्यांना मिरचीचा शुद्ध अर्क हाताने चोळला. त्याला ना रंग, ना वास. काचेच्या भांड्यात कोंबडी स्वतःला बघून भांडण काढायची, म्हणून दाणे चहाच्या खोलीतल्या स्टीलच्या वाटीत काढले. वाटी परीक्षकांपुढच्या टेबलावर ठेवली आणि तो पिंजरा आणायला वळला.

परीक्षकांना सगळे 'करवत' म्हणत. प्रबंध कापता कापता हाताशी येईल ती वाटी रिकामी करायची त्यांना सवय होती.

"तुमच्या प्रबंधात," त्यांनी मूठभर दाणे तोंडात टाकले, "एक मोठी... एक मो..."

ते थांबले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग टक्कल.

"सर, त्या दाण्यांना अर्क लावलाय!" मिरच्या ओरडला.

करवत तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले. हा अर्क पाण्यात विरघळत नाही, नुसता पसरतो, हे प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात होतं. म्हणजे त्यांनी प्रबंध वाचलाच नव्हता!

"दूध आण!" बाई कडाडल्या.

दूध चहात संपलं होतं. मिरच्याला लवंगेचं तेल आठवलं. लवंगेतलं रसायन जीभ बधिर करतं, हेही खरंच. फक्त किती द्यायचं, ते घाईत राहिलं.

करवतींची जीभ चपलेसारखी निपचित पडली. आता प्रश्न कसे विचारणार? पण माणूस मोठा जिद्दीचा! डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, तरी उठले, खडू घेतला आणि फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'फक्त कोंबडी? तुलनेसाठी सस्तन प्राण्यावर प्रयोग कुठे आहे?'

मिरच्याला डोळ्यांपुढे गिरणी दिसली.

बाईंनी चष्मा नीट केला. "आत्ताच केला, सर."

 इकडे कोंबडी टेबलावर आणून ठेवलेल्या पिंजऱ्यातून मान काढून वाटीतले उरलेले दाणे टिपत होती, जणू मावशीच्या अंगणात आहे. करवतींनी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांच्या सुजलेल्या चेहऱ्यावर हळूहळू असा आदर उमटला, की बाईंनाही हेवा वाटावा. त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'अप्रतिम!'

मग वळून खाली लिहिलं: 'पण सस्तन एकच. नमुना अपुरा. पुढल्या वर्षी या.'

वर्षभर गिरणी! मिरच्याचे डोळे भरून आले. त्याने ते पुसले. ज्या हाताने दाण्यांना अर्क चोळला होता, त्याच हाताने.

"आई गंऽऽऽ!"

तो टेबलाभोवती गरगर फिरला, खुर्चीवर आपटला, फडकं समजून पडदा डोळ्यांना लावला. करवतींनी हे सगळं अत्यंत समाधानाने न्याहाळलं, 'एकच' पुसलं, 'दोन' लिहिलं, पुढचं सगळं खोडलं आणि खाली मोठ्ठ्या अक्षरात: 'पास.'

मिरच्याला अर्थातच काही दिसलं नाही. बाईंनी वाचून दाखवलं.

कोंबडी धड परत गेली. मिरच्याला तिच्यामागून, कोंबडी न्यायला आलेल्या मावशीने हाताला धरून नेलं.